काना गावचे सहा रांजण

बायबलमधला चमत्कार म्हटला की आंधळ्याला दृष्टी येते, कुष्ठरोगी बरा होतो, मेलेला माणूस कबरीतून चालत बाहेर येतो. आधी दुःख असते आणि मग ते दूर होते. योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या कार्याची सुरुवात मात्र अशी होत नाही. गालील प्रांतातल्या काना गावी एक लग्न आहे. येशूची आई तिथे आहे, येशूला आणि त्याच्या नव्या शिष्यांनाही आमंत्रण आहे, आणि ऐन समारंभात द्राक्षारस संपतो. कोणाचा जीव धोक्यात नाही. धोक्यात आहे ती एका घराची अब्रू.

त्या काळच्या यहुदी समाजात लग्नाचा सोहळा सात-सात दिवस चालत असे. शमशोनाच्या लग्नाची मेजवानी सात दिवस चालल्याचे जुन्या करारात सांगितलेच आहे. पाहुण्यांना खाऊपिऊ घालण्याची जबाबदारी वरपक्षाची. द्राक्षारस म्हणजे तिथल्या जेवणाचा नेहमीचा भाग, आंबवलेला आणि बहुधा पाणी मिसळून घेतलेला. तो अर्ध्यात संपणे म्हणजे ताटे मांडून झाल्यावर भात संपण्यासारखे. येशूची आई ही गोष्ट त्याच्या कानावर घालते. तो आधी अंग काढून घेतल्यासारखे उत्तर देतो. तरीही ती नोकरांना त्याच्या सांगण्याप्रमाणे वागायला सांगते. तिथे दगडाचे सहा रांजण असतात. येशू ते पाण्याने भरायला लावतो आणि नोकर काठोकाठ भरतात. मग त्यातले थोडे काढून भोजनकारभाऱ्याकडे नेले जाते. तो चाखतो, चकित होतो आणि नवरदेवाला बोलावून म्हणतो की लोक चांगला द्राक्षारस आधी वाढतात आणि पाहुण्यांना चढल्यावर हलका आणतात, तू मात्र चांगला आतापर्यंत राखून ठेवलास.

अवघ्या अकरा वचनांची ही गोष्ट. तिच्यात सर्वांत विलक्षण काय, तर पाणी बदलले तो क्षणच तिच्यात नाही. येशू रांजणांवर हात ठेवत नाही, प्रार्थना म्हणत नाही, पाण्याकडे पाहिल्याचाही उल्लेख नाही. ‘द्राक्षारस झालेले पाणी’ एवढे शब्द एका वाक्याच्या पोटात येऊन जातात. पंगतीला काही कळत नाही. नवरदेवाला कळत नाही. चव घेणाऱ्या कारभाऱ्यालाही तो कुठून आला हे ठाऊक नाही. ठाऊक आहे ते पाणी काढणाऱ्या नोकरांना, आणि योहान हे मुद्दाम नोंदवतो.

योहानाला चमत्काराचे प्रदर्शन मांडायचे नव्हते, हे इथेच उघड होते. मत्तय, मार्क आणि लूक येशूच्या अद्भुत कृत्यांना बहुतेक वेळा सामर्थ्याची कृत्ये म्हणतात. योहान त्यांना चिन्हे म्हणतो. चिन्ह स्वतःपाशी थांबवत नाही, पुढे बोट दाखवते. ब्रिटिश अभ्यासक सी. एच. डॉड यांनी 1953 सालच्या आपल्या ग्रंथात या शुभवर्तमानाच्या पहिल्या बारा अध्यायांतल्या मुख्य भागाला ‘चिन्हांचे पुस्तक’ असे नाव दिले आणि ते आजही चालते. अशी चिन्हे सात, असे सर्वसाधारणपणे मानतात. कानामधले पहिले आणि बेथानीच्या लाजरला कबरीतून उठवणे हे सातवे. काना गावची गोष्ट मात्र इतर तीन शुभवर्तमानांत कुठेच नाही. ती फक्त योहान सांगतो, आणि इतक्या मोजक्या शब्दांत सांगतो की प्रत्येक तपशिलाकडे थांबून पाहावे लागते. सर्वांत जास्त थांबावे ते रांजणांपाशी. या चिन्हाचा अर्थ बदललेल्या पाण्यात आहेच, पण ते ज्या भांड्यांत बदलले त्यांत तो अधिक आहे.

रांजण दगडाचे होते आणि यहुद्यांच्या शुद्धीकरणाच्या रीतीप्रमाणे तिथे ठेवलेले होते, असे योहान सांगतो. मातीचे सोडून दगडाचे का? लेवीय या पुस्तकातल्या नियमाप्रमाणे मातीच्या भांड्यात काही अशुद्ध पडले तर ते भांडे फोडून टाकावे लागे. दगडाच्या भांड्याला विटाळ लागत नाही, असे पुढे मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात स्पष्ट नोंदले आहे. म्हणून हात धुण्याचे, शुद्धीचे पाणी दगडी भांड्यात ठेवणे सोयीचे होते. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीपासून ही भांडी यहुदी वस्त्यांत मोठ्या प्रमाणावर दिसू लागतात. इसवी सन 70 मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेम जाळले, त्या आगीत सापडलेल्या घरांच्या अवशेषांत कमरेपर्यंत उंचीचे दगडी रांजण मिळाले आहेत. एकाच मोठ्या दगडातून कोरून, चरकावर फिरवून केलेले. असे सहा रांजण बाळगणारे घर अगदी गरिबाचे नसावे.

ही भांडी फक्त जेरुसलेमची चैन होती असेही नाही. 2017 साली नासरेथ आणि कफर कन्ना यांच्यामध्ये असलेल्या रेना गावाजवळ, येशूच्याच काळातली दगडी भांडी घडवण्याची खाण आणि कार्यशाळा उत्खननात सापडली. चुनखडीचा मऊ, पांढरा दगड गुहेत खोदून काढायचा आणि तिथेच पेले, वाडगी घडवायची, असा तो उद्योग होता. गालीलमधल्या साध्या गावांतही शुद्धतेचे नियम किती मनापासून पाळले जात होते, हे या शोधाने पुन्हा दिसले. योहानाने दगडी रांजणांचा उल्लेख केला तो कल्पनेतून केला नव्हता. असे घर त्याच्या ओळखीचे होते.

नेमका काना कोणता, यावर मात्र एकमत नाही. नासरेथजवळच्या कफर कन्ना इथे फ्रान्सिस्कन पंथीयांचे चर्च आहे आणि जगभरची जोडपी तिथे लग्नाच्या शपथा नव्याने घ्यायला जातात. बरेच पुरातत्त्वज्ञ उत्तरेकडच्या खिरबेत काना या ओसाड टेकडीकडे बोट दाखवतात. तिथल्या एका गुहेत गिलावा केलेल्या भिंती, यात्रेकरूंनी कोरलेले क्रूस आणि दगडी भांड्यांचे अवशेष मिळाले आहेत. म्हणजे जागेबद्दलची श्रद्धा जुनी आहे, आणि त्या श्रद्धेतही भांडी आहेतच.

आता त्या रांजणांचे माप. प्रत्येकात दोन ते तीन मेत्रेतेस पाणी मावेल असे मूळ ग्रीक ग्रंथात आहे. एक मेत्रेतेस साधारण 39 लिटर. हिशेब केला तर सहा रांजण मिळून सुमारे 470 ते 700 लिटर होतात. आजच्या 750 मिलिलिटरच्या बाटल्यांत सांगायचे तर सहाशेच्या वर, कदाचित नऊशेच्याही वर बाटल्या. एका गावातल्या लग्नात, तेही आधीचा साठा पिऊन झाल्यावर! योहान हे माप सहज देत नाही. गरज भागवायची असती तर एक रांजण पुरला असता.

या अतिरेकाचा उलगडा संदेष्ट्यांच्या ग्रंथांत होतो. देव आपल्या लोकांना पुन्हा उभे करील त्या दिवशी डोंगरांवरून द्राक्षारस पाझरेल, असे चित्र आमोसाने इसवी सनपूर्व आठव्या शतकात रेखाटले. यशयाच्या पुस्तकात देव सर्व राष्ट्रांसाठी मुरलेल्या द्राक्षारसाची मेजवानी मांडतो आणि तिथेच मरण नाहीसे करतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सुमारास लिहिल्या गेलेल्या एका यहुदी ग्रंथात, बारूखच्या दुसऱ्या पुस्तकात, मसीहाच्या काळाचे वर्णन आणखी बेभान आहे: एका वेलीला हजार फांद्या, एका फांदीला हजार घड, एका घडाला हजार द्राक्षे आणि एका द्राक्षात पिंपभर रस. ज्या वाचकाच्या मनात ही चित्रे लहानपणापासून रुजली होती, त्याला सहा काठोकाठ रांजण पाहून वेगळे काही समजावून सांगायची गरज नव्हती. वाट पाहिलेला दिवस आला, असे ते रांजण सांगत होते.

मोशेचीही आठवण इथे जागी होते. मोशेच्या हातून मिसर देशावर आलेले पहिले संकट पाण्याचेच होते. नाईलचे पाणी रक्त झाले, आणि लाकडी व दगडी भांड्यांतले पाणीसुद्धा. येशूचे पहिले चिन्ह दगडी भांड्यांतल्या पाण्याचे, पण तिथे शिक्षा नाही, मेजवानी आहे. योहान ही तुलना उघड करत नाही. मात्र नियमशास्त्र मोशेच्या द्वारे मिळाले आणि कृपा येशूच्या द्वारे आली, हे त्याने एकाच अध्यायापूर्वी लिहिले आहे, तेव्हा तुलना वाचकाने करावी अशी त्याची अपेक्षा होती असे मानायला जागा आहे.

इथेच एक घसरडी वाट सुरू होते आणि पुष्कळ प्रवचने तिच्यावरून घसरली आहेत. शुद्धीकरणाचे पाणी म्हणजे जुना, बेचव धर्म आणि द्राक्षारस म्हणजे नवा, खरा धर्म, असा सोपा अर्थ शतकानुशतके सांगितला गेला. त्या सोपेपणाने यहुद्यांबद्दलच्या तिरस्काराला खतपाणी घातले आणि त्याची किंमत युरोपातल्या यहुदी समाजाने मोजली. गोष्ट नीट वाचली तर ती असे काही म्हणत नाही. येशू रांजण फोडत नाही, त्यांतले पाणी ओतून देत नाही, नवी भांडी मागवत नाही. तो तेच रांजण भरायला सांगतो, काठापर्यंत. पंगतीला जे मिळते ते जुन्या शुद्धीच्या भांड्यांतूनच वाढले जाते. लग्नघर यहुदी, नोकर यहुदी, वर-वधू यहुदी, येशू आणि त्याची आईही यहुदी. पाणी नाकारले गेले असा निष्कर्ष काढायला या कथेत आधार नाही. पाणी नसते तर द्राक्षारस झाला कशाचा असता?

चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीनने योहानावरच्या प्रवचनांत हा धागा बऱ्याच अंशी ओळखला होता. सहा रांजण म्हणजे आदामापासून पुढचे जगाचे सहा कालखंड, असे त्याने मानले आणि प्रत्येक कालखंडातल्या भविष्यवाणीत ख्रिस्त दडलेला आहे, तो ओळखता आला की तेच पाणी द्राक्षारस होते, असे सांगितले. सहा आकड्याचा हा जुळवलेला मेळ आजच्या अभ्यासकांना पटत नाही. पण जुने ग्रंथ टाकून न देता त्यांतच चव शोधायची, ही त्याची दिशा रांजणांशी जास्त प्रामाणिक आहे. त्याचे दुसरे निरीक्षण त्याहून सुंदर आहे. पावसाचे पाणी दर वर्षी वेलींत शिरून द्राक्षारस होते, त्याचे आपल्याला नवल वाटत नाही, कारण ते रोजचे झाले आहे. काना इथे त्याच देवाने तेच काम वेगळ्या रीतीने केले, असे तो म्हणतो.

चमत्काराने द्राक्षारस होण्याच्या कथा ग्रीक जगातही होत्या. एलिस नगरीत दियोनिसस देवाच्या उत्सवात तीन रिकामी भांडी खोलीत ठेवून दारे मोहरबंद करत आणि दुसऱ्या दिवशी ती द्राक्षारसाने भरलेली मिळत, असे दुसऱ्या शतकातल्या पौसानियास या प्रवासवर्णनकाराने नोंदवले आहे. अँड्रॉस बेटावरच्या मंदिरातल्या झऱ्याला 5 जानेवारीला द्राक्षारसाची चव येते, असे रोमन लेखक प्लिनी लिहितो. चर्चच्या जुन्या परंपरेत 6 जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणाला काना गावचे चिन्हही आठवले जाते. या जवळिकीवरून जर्मन अभ्यासक रुडॉल्फ बुल्टमान यांनी योहानाची कथाच दियोनिससच्या दंतकथेवर बेतल्याचे मत मांडले. ते फारसे टिकत नाही. ग्रीक कथांत शुद्धीचे रांजण नाहीत, आई नाही आणि मुख्य म्हणजे ‘घटका’ नाही.

ही घटका या कथेचे दुसरे केंद्र आहे. आईला उत्तर देताना आपली घटका अजून आलेली नाही असे येशू म्हणतो. पाहुण्यांचे पेले रिकामे असताना ही कोणती घटका? पुढे सातव्या आणि आठव्या अध्यायांत त्याला धरायला लोक येतात आणि त्याची घटका आली नव्हती म्हणून कोणी हात लावत नाही. बाराव्या अध्यायात ती आली, असे तो स्वतः सांगतो. ती त्याच्या मरणाची घटका आहे. म्हणजे लग्नाच्या मांडवातच वधस्तंभाची सावली पडते. योहानाच्या संपूर्ण पुस्तकात येशूची आई दोनच महत्त्वाच्या प्रसंगी पुढे येते, काना इथे आणि वधस्तंभाशी. दोन्ही ठिकाणी योहान तिचे नाव घेत नाही, दोन्ही ठिकाणी येशू तिला ‘बाई’ असेच संबोधतो. लग्नात उत्तम द्राक्षारस देणारा तो वधस्तंभावर तहानेने व्याकूळ होतो आणि त्याच्या ओठांना लावला जातो आंबलेला आंब. मग सैनिक कुशीत भाला खुपसतो आणि रक्त व पाणी बाहेर येते. पहिल्या चिन्हात पाणी आणि द्राक्षारस, शेवटी पाणी आणि रक्त. ख्रिस्ती परंपरेने यात मिस्सेतल्या प्याल्याचा संकेत वाचला. चौथ्या शतकात जेरुसलेमचा बिशप सिरिल याने नवदीक्षितांना शिकवताना प्रभुभोजनाच्या संदर्भात काना गावचाच दाखला दिला.

आईचे नोकरांना सांगणे हेही असेच जुन्या ग्रंथाचा सूर घेऊन येते. दुष्काळात मिसरचे लोक भाकरीसाठी ओरडू लागले तेव्हा फारोने त्यांना योसेफाकडे पाठवले आणि तो सांगेल ते करा असे बजावले. तीच आज्ञा इथे एका आईच्या तोंडी आहे. तिचे योहानाने नोंदवलेले हे शेवटचे बोलणे. कॅथलिक भक्तीत या प्रसंगाला एवढे मोठे स्थान मिळाले ते याच बोलण्यामुळे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 साली रोझरीत प्रकाशाच्या पाच रहस्यांची भर घातली, त्यांतले दुसरे रहस्य काना गावचे आहे. गुरुवारी ही रहस्ये म्हटली जातात, वसईतल्या मराठी रोझरीतही.

चित्रकारांनी हा प्रसंग मन भरेपर्यंत रंगवला. रोममधल्या जुन्या ख्रिस्ती शवपेट्यांवर येशू काठीने रांजणांना स्पर्श करताना कोरलेला आहे. गोष्टीत नसलेली काठी शिल्पकारांनी त्याच्या हातात दिली, कारण नुसत्या शब्दाने घडलेले दाखवणार कसे? व्हेनिसमध्ये पाओलो व्हेरोनेजे याने 1563 साली सान जॉर्जिओ माज्जोरे मठाच्या भोजनगृहासाठी जवळजवळ दहा मीटर रुंदीचे चित्र पूर्ण केले. 1797 मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते पॅरिसला नेले आणि आज ते लूव्र संग्रहालयात मोनालिसाच्या समोरच्या भिंतीवर आहे. रेशमी कपडे, संगीत, कुत्री, शंभराहून अधिक माणसे, असा तो व्हेनिसचा थाट पाहून कोणी म्हणेल की चित्रकार धर्म विसरला. तो विसरलेला नाही. वादकांच्या मेजावर वाळूचे घटिकायंत्र ठेवलेले आहे. आणि मधोमध बसलेल्या येशूच्या बरोबर वर, सज्जात, खाटीक मांस कापतो आहे. न आलेली घटका आणि बळीचे कोकरू, दोन्ही त्याने मेजवानीच्या गजबजाटात बसवली.

साहित्यात या चिन्हाला सर्वांत खोलवर भिडला तो दोस्तोएव्हस्की. 1880 साली पूर्ण झालेल्या ‘करमाझोव्ह बंधू’ या कादंबरीत एका प्रकरणाचे नावच ‘गालीलमधील काना’ आहे. कादंबरीतल्या अल्योशा या तरुणाचे गुरू झोसिमा वारले आहेत. संताचा देह अबाधित राहील अशी लोकांची अपेक्षा असते, पण त्याला लवकरच दुर्गंध सुटतो आणि अल्योशाचा विश्वास डळमळतो. शवपेटीशेजारी योहानाचे वाचन चालू असताना त्याला झोप लागते आणि स्वप्नात गुरू लग्नाच्या पंगतीत बसलेले दिसतात. अपेक्षित चमत्कार घडलेला नसतो. गरिबांच्या आनंदात सामील व्हायलाही देव येतो, हे मात्र अल्योशाला काना गावच्या गोष्टीतून कळते. दोस्तोएव्हस्कीने इथे नेमका योहानाचाच मुद्दा पकडला आहे.

कारण योहान स्वतः चमत्कारांच्या ओढीबद्दल सावध आहे. काना सोडून येशू जेरुसलेमला जातो, तिथे त्याची चिन्हे पाहून अनेक जण विश्वास ठेवतात, पण येशू मात्र त्यांच्यावर विसंबत नाही, असे याच अध्यायाच्या शेवटी लिहिले आहे. सहाव्या अध्यायात पाच भाकरींनी पाच हजारांचे पोट भरल्यावर लोक त्याला शोधत समुद्रापलीकडे येतात, तेव्हा तो त्यांना सुनावतो की तुम्ही चिन्ह पाहिले म्हणून आला नाहीत, भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून आलात. दुसरे चिन्हही तो काना इथेच करतो. कफर्णहूमचा एक राजदरबारी अधिकारी मुलगा मरणाला टेकल्याचे सांगत येतो. अद्भुते पाहिल्याशिवाय तुम्ही विश्वास ठेवणार नाही, असे येशू आधी म्हणतो आणि मग मुलगा वाचेल एवढेच सांगून त्याला परत पाठवतो. अधिकारी कोणतेही दृश्य न पाहता, नुसत्या शब्दावर तीसेक किलोमीटरच्या वाटेला लागतो. मुलगा बरा झाल्याचे त्याला वाटेत भेटायला आलेले नोकर सांगतात. मग मुलाचा ताप कोणत्या घटकेला उतरला हे तो त्यांच्याकडून विचारून घेतो.